दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून : कॅनडातील कर्लिंगपटू स्त्रियांची कारकीर्द

कॅनडाच्या महिला कर्लिंग अजिंक्यपद स्पर्धेतील विजेत्या संघनायिकांची यादी आम्ही प्रथम चाळली, तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताला १९७६ साली लिंडसे डेव्ही यांनी आणि १९७९ साली लिंडसे स्पार्क्स यांनी अजिंक्यपद मिळवून दिले, असे आम्ही टिपून घेतले. पुढे ध्यानात आले की, या दोघी नव्हेतच. व्यक्ती एकच, आडनाव तेवढे बदललेले. मग आम्ही यादी नव्याने वाचली. १९८६ च्या विजेत्या ओंटारियोच्या मॅरिलिन डार्ट आणि १९९६ च्या विजेत्या मॅरिलिन बोडो याही एकच निघाल्या. मात्र येथे प्रवास उलट झाला होता. दुसऱ्या खेपेस त्या माहेरच्या आडनावाने उतरल्या होत्या. १९९१ साली नायिका म्हणून जिंकलेल्या ज्युली सटन पुढे २००० साली केली लॉ यांच्या विजयी संघात ज्युली स्किनर या नावाने आढळतात.

ज्यांनी आपल्या घराण्याच्या वंशावळी जुळवून पाहिल्या आहेत, त्यांना या अडचणीचे नवल वाटणार नाही. आपल्याकडे लेक माहेरच्या पानावर एका नावाने संपते आणि सासरच्या पानावर दुसऱ्याच नावाने सुरू होते. या दोन्ही पानांवरची स्त्री एकच आहे हे सांगणारे कोणी उरले नाही, की तिचे अर्धे आयुष्य कागदावरून नाहीसे होते. खेळाडू पुरुषाची कारकीर्द यादीत सरळ वाचता येते. खेळाडू स्त्रीची मात्र पुष्कळदा जुळवावी लागते. कॅनडातील या स्त्रियांची कारकीर्द अशी जुळवू जाता आम्हांस जे दिसले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या उष्ण मुलखात या खेळाचा परिचय क्वचितच असणार, म्हणून आधी त्याविषयी दोन शब्द. सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची अरुंद पट्टी असते. तिच्या टोकाशी १२ फूट व्यासाचे वर्तुळ रंगवलेले असते आणि त्याच्या आत आणखी लहान वर्तुळे. ग्रॅनाइटचा, मुठीचा, जवळजवळ १९-२० किलो वजनाचा दगड बर्फावरून घसरत सोडून तो या वर्तुळांच्या मध्याशी नेऊन थांबवायचा, हा खेळ. संघात चौघीजणी. प्रत्येकीने दोन दोन दगड सोडायचे, म्हणजे एका डावात संघाचे आठ दगड झाले. असे दहा डाव. सोडताना दगडाला किंचित पीळ दिला जातो, त्यामुळे तो वळत जातो. त्याच्या पुढे धावणाऱ्या दोघी ब्रशाने बर्फ घासतात, तसा तो अधिक दूर व अधिक सरळ जातो. नायिका पलीकडच्या टोकाला उभी राहून कोठे सोडायचे ते दाखवते आणि बहुधा शेवटचे दोन दगड स्वतः सोडते. त्या वर्तुळाला या खेळात ‘घर’ म्हणतात, आणि घासायचे साधन पूर्वी खरोखरीचा झाडूच असे. घर आणि झाडू असा हा खेळ स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेला मात्र फार उशिरा लाभला.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. तेथून निघालेल्या लोकांनी तो अटलांटिकपार नेला, आणि माँट्रियल येथे १८०७ साली कर्लिंगचा क्लब स्थापन झाला. गाव सोडताना माणसे देव, भाषा आणि खेळ बरोबर घेतात, हे आपणां स्थलांतरितांच्या वंशजांस कोणी वेगळे सांगायला नको. पुढे आगगाडीबरोबर हा खेळ पश्चिमेच्या गव्हाच्या प्रदेशात पसरला. तेथील दीर्घ हिवाळ्यात शेतीची कामे थांबलेली असत. मग गावोगावचे कर्लिंगगृह हेच गावाचे सभागृह झाले. स्कॉटिश घराण्यांपुरता तो उरला नाही. युक्रेन, आइसलंड, जर्मनी येथून आलेल्यांची मुलेबाळेही तो आपला म्हणून खेळू लागली.

पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा ‘ब्रायर’ या नावाने १९२७ साली टोरोंटोत सुरू झाली. स्त्रिया त्या वेळीही खेळत होत्या. पण सबंध देशाची अशी स्पर्धा त्यांना मिळाली १९६१ साली, म्हणजे ३४ वर्षांनी. त्याआधी १९५३ पासून पश्चिमेकडील प्रांतांची एक स्पर्धा होत असे, तिच्यातूनच ही उभी राहिली. डोमिनियन या किराणा दुकानांच्या कंपनीने तिचा खर्च उचलला, म्हणून तिचे नाव ‘डायमंड डी’ पडले. ऑटावा येथील या पहिल्या स्पर्धेत जॉइस मॅकी यांच्या सस्कॅचेवानच्या संघाने विजय मिळवला.

या पहिल्या विजयी संघात तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्या सिल्व्हिया फेडोरुक यांच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. त्यांचा जन्म १९२७ चा, सस्कॅचेवानमधील कॅनोरा गावचा, युक्रेनमधून आलेल्या कुटुंबातला. त्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होत्या. सॅस्कटून येथे हॅरल्ड जॉन्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ साली कर्करोगावरील कोबाल्ट-६० किरणोपचाराचे यंत्र सिद्ध झाले, त्या कामात तरुण फेडोरुक यांचा वाटा होता. किरणांची मात्रा शरीरात किती खोलवर किती पोहोचते, याची मोजमापे करणाऱ्यांत त्या होत्या. कोबाल्टच्या उपचाराचा लाभ पुढे जगभरच्या असंख्य रुग्णांना झाला. पुढे त्या सस्कॅचेवान विद्यापीठाच्या कुलपती आणि १९८८ ते १९९४ या काळात त्या प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या. या पदावर बसलेल्या तेथील त्या पहिल्या स्त्री. २०१२ साली त्यांचे निधन झाले. १९६३ साली न्यू ब्रन्सविकला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या मेबल डवेअर याही पुढे आपल्या प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेल्या आणि १९९० साली देशाच्या सिनेटवर नियुक्त झाल्या. खेळ हा या स्त्रियांचा व्यवसाय नव्हता. दिवसभराचे काम आटोपून त्या बर्फावर जात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर होत.

१९६७ नंतर डोमिनियन कंपनी बाजूला झाली. १९६८ ते १९७१ ही चार वर्षे स्पर्धेला प्रायोजक नव्हता. तरीही ती एकदाही बंद पडली नाही. स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने ती स्वतःच्या बळावर चालवली. आमच्या मते या इतिहासातील कोणत्याही विजयापेक्षा ही चार वर्षे मोलाची आहेत. आपल्या मंडळांच्या वार्षिक स्पर्धा, व्याख्यानमाला, गणेशोत्सवातील नाटके कोणा दात्याचा हात आखडला की कशी डळमळतात, हे आपण अनुभवाने जाणतो. एका वर्षी खंड पडला, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा उभे राहणे दुप्पट कठीण होते. खेळाडूच्या कारकिर्दीस सातत्य हवे, तर आधी स्पर्धेस सातत्य हवे. ते या स्त्रियांनी राखले.

योगायोग असा की, याच काळात सस्कॅचेवानच्या संघांनी एक पराक्रम केला. १९६९ ते १९७४ अशी सलग सहा वर्षे अजिंक्यपद त्याच एका प्रांताकडे राहिले. १९६९ ला जॉइस मॅकी, १९७० ला डोरेंडा शोएनहाल्स, १९७१ ते १९७३ व्हेरा पेझर आणि १९७४ ला एमिली फार्नहॅम. पेझर, शीला रोवन, मॅकी आणि लेनोर मॉरिसन या चौघींनी एकही खेळाडू न बदलता लागोपाठ तीन वर्षे जिंकून दाखवले. येथे एक गोष्ट सहज निसटून जाते. १९६१ आणि १९६९ साली नायिका असलेल्या मॅकी या तीन वर्षांत नायिका नव्हत्या. १९६९ साली ज्यांना आपल्या हाताखाली खेळवले, त्याच पेझर यांच्या संघात त्या दुसऱ्या क्रमांकावर खेळत होत्या. नायिकांच्या यादीवर विसंबून राहावे, तर मॅकी यांची तीन अजिंक्यपदे दिसणारच नाहीत. पेझर यांनी पुढे मानसशास्त्राच्या अध्यापनात नाव मिळवले आणि २००७ साली त्याही सस्कॅचेवान विद्यापीठाच्या कुलपती झाल्या.

१९७२ पासून एका तंबाखू कंपनीच्या आधाराने स्पर्धा चालली. १९७९ साली तोही गेला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील पर्थ येथे स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. पुरुषांची जागतिक लढत तेव्हा वीस वर्षांची जुनी झाली होती. १९८० साली पर्थ येथेच सस्कॅचेवानच्या मार्ज मिचेल यांच्या संघाने जगज्जेतेपद मिळवले. कॅनडाच्या स्त्रियांचे हे पहिले जगज्जेतेपद. तीन वर्षांनी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, मिचेल कर्करोगाने गेल्या. राष्ट्रीय स्पर्धेत खिलाडूवृत्तीसाठी दिला जाणारा पुरस्कार आज त्यांच्या नावाने आहे.

१९८२ साली स्कॉट पेपर ही कंपनी प्रायोजक म्हणून आली आणि स्पर्धेला ‘टूर्नामेंट ऑफ हार्ट्स’ हे नाव मिळाले. २००७ पासून तिला ‘स्कॉटीज’ म्हणतात. या नव्या रूपामागे रॉबिन विल्सन होत्या. लिंडसे डेव्ही-स्पार्क्स यांच्या १९७६ आणि १९७९ च्या दोन्ही विजयी संघांत त्या खेळल्या होत्या. म्हणजे जिने स्पर्धा जिंकली होती, तिनेच ती पुढच्या पिढ्यांसाठी घडवली. स्पर्धेत प्रथमच आलेल्या खेळाडूला चार हृदयांचे सोन्याचे पदक मिळते. पुन्हा आली, तर त्याच पदकात हिरा जडवला जातो. हारजितीचा येथे संबंध नाही. पुन्हा येणे हाच सन्मान. ही प्रथा स्त्रियांच्याच मनातून निघाली असावी, असे आम्हांस वाटते.

कारण या खेळात पुन्हा येणे सोपे नाही. सस्कॅचेवान किंवा नोव्हा स्कोशियाच्या संघाला दर हिवाळ्यात पहिल्यापासून आरंभ करावा लागे. आधी क्लब, मग जिल्हा, मग प्रांत, आणि प्रांत जिंकला तरच राष्ट्रीय स्पर्धा. गतवर्षीच्या विजेत्यांनाही पूर्वी यातून सूट नव्हती. १९८५ पासून त्यांना ‘टीम कॅनडा’ म्हणून थेट प्रवेश मिळू लागला. इतरांना मात्र गेल्या वर्षीचे यश यंदा काही कामी येत नसे.

या दृष्टीने कॉलीन जोन्स यांची कारकीर्द पाहावी. नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्सच्या या खेळाडूने १९८२ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, अजिंक्यपद पटकावले. संघात त्यांच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या. त्यानंतर पुढचे अजिंक्यपद आले ते १९९९ साली. मधली सतरा वर्षे त्या वार्ताहर व निवेदिका म्हणून दूरचित्रवाणीवर काम करीत होत्या, मुले वाढवीत होत्या आणि पुनःपुन्हा प्रांत जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत येऊन हरत होत्या. मग किम केली, मेरी-ॲन वे आणि नॅन्सी डेलाहंट यांच्यासह त्यांनी २००१, २००२, २००३ आणि २००४ अशी सलग चार अजिंक्यपदे मिळवली. एकूण सहा. २००१ आणि २००४ साली जगज्जेतेपदही आले. ऑलिंपिकला जाण्याची संधी मात्र या संघाला कधी लाभली नाही. २०१० साली जोन्स यांना मेंदूज्वराने गाठले, त्यातून त्या उठल्या. २०१३ साली त्या एकविसाव्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, पण नायिका म्हणून नव्हे. एके काळी त्यांच्याच संघात असलेल्या मेरी-ॲन या वेळी मेरी-ॲन आर्सेनो या नावाने नायिका होत्या, आणि जोन्स त्यांच्या हाताखाली खेळत होत्या. चाळीस वर्षांपूर्वी मॅकी यांनी केले, तेच जोन्स यांनी केले. २०१७ साली त्यांनी ज्येष्ठ महिलांचे जगज्जेतेपदही जिंकले. २०२५ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ६५ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सँड्रा श्मर्लर यांना एवढे आयुष्य मिळाले नाही. सस्कॅचेवानमधील बिगर या लहानशा गावची ही मुलगी रिजायना शहराच्या एका जलतरण व क्रीडाकेंद्रावर पर्यवेक्षिका होती. जॅन बेटकर, जोन मकस्कर आणि मार्सिया गुडराइट यांच्यासह तिने १९९३, १९९४ आणि १९९७ ही तीन अजिंक्यपदे आणि त्याच तीन वर्षांची जगज्जेतेपदे मिळवली. १९९७ च्या सप्टेंबरात तिला पहिली मुलगी झाली. नोव्हेंबरात ब्रँडन येथे ऑलिंपिकसाठी संघनिवड होती. तेथील अंतिम सामन्यात एका कडेच्या दगडाला आपटून आपला दगड आत वळवीत तिने प्रतिस्पर्ध्यांचा दगड बाहेर काढला आणि एकाच फटक्यात तीन गुण घेतले. तो फटका तेथील लोक अजून विसरलेले नाहीत. १९९८ साली नागानो येथे कर्लिंग ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे परतले आणि स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक याच चौघींनी जिंकले. १९९९ साली दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत कर्करोगाचे निदान झाले. २००० च्या फेब्रुवारीत ती कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे समालोचन करावयास आली, आणि २ मार्च २००० रोजी गेली. वय ३६. अंत्यविधीच्या वेळी सॅस्कटून येथे पुरुषांची ब्रायर चालू होती. अंत्यविधी देशभर दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला आणि त्यासाठी ब्रायरची दुपारची फेरी थांबवण्यात आली. ज्या स्पर्धेच्या मागे स्त्रियांची स्पर्धा ३४ वर्षे उशिरा आली, ती स्पर्धा एका स्त्रीसाठी खोळंबून राहिली. ती ज्या केंद्रावर कामाला होती, त्याला आता तिचेच नाव आहे.

पहिल्या अजिंक्य संघातील एक स्त्री कर्करोगाच्या उपचारावर आयुष्य वेचते, आणि पुढल्या पिढ्यांतील तीन श्रेष्ठ खेळाडू त्याच रोगाने जातात. यातून काही अर्थ काढण्याचा मोह आम्ही आवरतो. फेडोरुक यांच्या पिढीने आपले काम केले होते. पुढचे काम अजून पुरे व्हायचे आहे, एवढेच म्हणावे.

श्मर्लरनंतरच्या पिढीत मॅनिटोबाच्या जेनिफर जोन्स आघाडीवर आल्या. कॉलीन जोन्स यांच्याशी आडनावापलीकडे नाते नाही. व्यवसायाने त्या वकील. २००५ साली सेंट जॉन्स येथील अंतिम सामन्यात शेवटच्या डावात ४-६ अशा पिछाडीवर असताना त्यांनी शेवटच्या दगडाने चार गुण घेऊन सामना ८-६ असा फिरवला. पुढे २००८, २००९, २०१०, २०१५ आणि २०१८ ही अजिंक्यपदे मिळवून त्यांनी कॉलीन जोन्स यांच्या सहा विजयांशी बरोबरी साधली. २०१२ च्या नोव्हेंबरात त्या आई झाल्या. २०१४ साली सोची ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने एकही सामना न गमावता सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना त्या ऑटावाच्या रेचल होमन यांच्याकडून हरल्या आणि त्या हंगामाअखेर चौघींच्या खेळातून निवृत्त झाल्या.

होमन यांची स्वतःची विजयवर्षे २०१३, २०१४, २०१७, २०२४ आणि २०२५. पण त्यांच्या एका पराभवाची आठवण आम्हांस अधिक मोलाची वाटते. २०२१ साली महामारीमुळे ही स्पर्धा कॅलगरी येथे प्रेक्षकांविना, बंदोबस्तात झाली. होमन तेव्हा आठ महिन्यांच्या गरोदर होत्या. तशा अवस्थेत त्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या आणि केरी आयनरसन यांच्याकडून हरल्या. मॅनिटोबातील मेटी समाजाच्या आयनरसन याही दोन जुळ्या मुलींच्या आई. त्यांच्या संघाने २०२० ते २०२३ अशी सलग चार अजिंक्यपदे मिळवली. कॉलीन जोन्स यांच्यानंतर असे कोणास साधले नव्हते. पैकी २०२० च्या विजयानंतर मायदेशी भरणारी जागतिक स्पर्धाच महामारीमुळे रद्द झाली.

आता या खेळाचे रूप पालटत आहे. वर्षभर सराव, निरनिराळ्या शहरांत राहणाऱ्या चौघींचा संघ, शास्त्रोक्त व्यायाम आणि ऑलिंपिकच्या चार वर्षांच्या आखणीवर बेतलेली कारकीर्द, हे सर्व आले आहे. दुकान, शाळा किंवा कचेरी सांभाळून अजिंक्य होणारी स्त्री यापुढे विरळाच दिसेल. याचे दुःख करावे असे आम्हांस वाटत नाही. आधीच्या स्त्रियांनी रात्रीचा दिवस केला, तो नंतरच्या स्त्रियांना तसे करावे लागू नये म्हणूनच. पण जे मिळाले ते कसे मिळाले, याची नोंद मात्र राहावी.

आमची सुरुवात एका चुकीने झाली होती. नायिकांच्या यादीत मॅकी यांची तीन वर्षे दिसत नाहीत, विल्सन तर मुळीच दिसत नाहीत, आणि स्पार्क्स व बोडो प्रत्येकी दोन दोन तुकड्यांत दिसतात. यादी खोटी नाही, पण तिच्यावरून कारकीर्द कळत नाही. आपल्या गावोगावच्या मराठी मंडळांच्या जुन्या इतिवृत्तांतही अध्यक्ष आणि चिटणीस यांची नावे क्रमाने सापडतात. प्रायोजक नसलेल्या वर्षी उत्सव कोणी पार पाडला, नाटकाला मुली कोणी मिळवल्या, ग्रंथालयाची किल्ली तीस वर्षे कोणाच्या कमरेला होती, हे सहसा त्यात नसते. ज्यांच्या घरी अशा स्मृती जाणत्या व्यक्तींसह अजून आहेत, त्यांनी माहेरचे नाव आणि सासरचे नाव शेजारी शेजारी लिहून ठेवावे, एवढीच विनंती.